पहिल्या घासाचं घर

सुखराम येशूकडे गेला तो देवाच्या ओढीनं गेला, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं सुखरामला पाहिलेलंच नाही. तो गेला कामातून सुटका हवी होती म्हणून. काम वडिलोपार्जित होतं, आणि त्यातून निवृत्ती नव्हती.

काम असं. एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली मासेमारी करणाऱ्यांची साठेक घरं. त्यांच्यातल्या कोणाच्या हातून पाप घडलं, म्हणजे दाव्याला बांधलेलं जनावर फास लागून मेलं, मांजर मारली गेली, पोरानं परजातीची पोरगी आणली, की समाजातले पाच शहाणे बसत आणि त्या घराला जेवण लावत. भात, वरण, वांग्याची भाजी. पत्रावळी मांडल्या जात, पण कोणी बसत नसे. आधी सुखरामच्या घरचा माणूस अंगणाच्या मधोमध बसे, त्या घरच्या बाईनं वाढलेला पहिला घास उचले आणि न चावता गिळे. चव घ्यायची नाही, हा नियम. घासाबरोबर पाप त्याच्या पोटात गेलं, असं समजायचं. मग तो उठून गोठ्याकडे तोंड करून बसे, आणि बाकीचे निर्धास्त होऊन भातावर तुटून पडत. त्याला एक धोतर मिळे, एक नारळ मिळे आणि लोक त्याला ‘मानकरी’ म्हणत.

मान कसला, तर त्या दिवशी त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. सुखरामचा आजा आंधळा झाला तेव्हा लोक म्हणाले, खाल्लेलं पाप डोळ्यांत उतरलं. बाप पोट फुगून मेला तेव्हा म्हणाले, गावभराचं साचलं होतं, फुगणारच. हे बोलणारे तेच, ज्यांचं त्या पोटात साचलं होतं. बापाच्या मयताला खांदे द्यायला चार माणसं जमता जमता उन्हं कलली. सुखराम तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि दारात बसून माणसं मोजत होता.

पुढे त्यानं स्वतः अकरा घास गिळले. अकरावा भय्याजींसाठी. भय्याजी म्हणजे पाच शहाण्यांतले सगळ्यांत शहाणे. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, कडक इस्त्रीचे, बोलायला लागले की कोंबडे आरवायचे थांबावेत असे. त्यांच्या मोटारसायकलखाली वासरू आलं. सुखरामनं घास गिळला, आणि भय्याजींनी त्याला जे धोतर दिलं त्याच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. पोरीच्या लग्नात आलेलं धोतर त्यांनी पापावर खपवलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुखरामची बायको गीताबाई गुडघ्यांसाठी म्हणून साकोलीला प्रार्थनेला जाऊ लागली. गुडघे काही थांबले नाहीत, पण गीताबाईही थांबली नाही. एका रविवारी सुखराम तिला आणायला गेला आणि दाराशी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला. आत अतुल पास्टर बोलत होता. तिशीतला पोरगा, पांढरा शर्ट, बोलताना दोन्ही हात हवेत. म्हणत होता, एकानं सगळ्यांचं पाप स्वतःवर घेतलं. सुखरामनं घोटायचं थांबवलं.

सगळे उठल्यावर त्यानं अतुलला गाठलं. “पास्टर, एक विचारू? धोतर भेटलं का त्याले?”

“कोणाला?”

“ज्यानं सगळ्यायचं पाप घेतलं त्याले.”

अतुल जरा गोंधळला. “धोतर कुठलं, भाऊ? उलट त्याच्या अंगावरचे कपडे शिपायांनी वाटून घेतले.”

“अन् लोक?”

“लोक खाली उभे राहून हसत होते. गावाबाहेर नेऊन मारलं त्याला.”

हा माणूस आपल्याच घराण्यातला, याबद्दल सुखरामला शंका उरली नाही. “मंग आता दुसऱ्या कोणी खाची गरज नाही?”

“नाही. त्यानं घेतलं ते एकदाच, सगळ्यांसाठी, कायमचं. यालाच तारण म्हणतात. जगाला हे खुळेपण वाटतं, पण देवाचं शहाणपण ते हेच. आणि ज्याला हे कळलं त्यानं...”

पुढचं ऐकायला सुखराम थांबलाच नाही. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या शेडमध्ये पंधरा-वीस माणसं असताना त्यानं जाहीर केलं, “माया घरचं काम बंद. ज्यानं खाचं त्यानं खाल्लं. आता कोणाले पाप कराचं असन तं आपल्या पोटाची सोय पाहून करा.”

लोक हसले. ‘येशूवाला’ म्हणून त्याला नाव पडलं. सुखरामला त्याचं सुखदुःख नव्हतं. मानकरीपेक्षा येशूवाला बरं. तो गीताबाईबरोबर दर रविवारी साकोलीला जाई, भिंतीला टेकून बसे आणि गाण्याच्या वेळी ओठ हलवी. प्रेम, क्षमा, शेजारी वगैरे बाबतीत अतुल जे काही सांगे त्यात त्याला काडीचा रस नव्हता. आपली नोकरी सुटली यासाठी तो देवाचे आभार मानी, आणि ते मात्र मनापासून.

आश्चर्य असं की पुढची दोन वर्षं गावात एकही पाप झालं नाही. पोटच उपलब्ध नाही म्हटल्यावर लोक एकदम पुण्यवान झाले. एका घरची मांजर काठी लागून ‘पळून गेली’. एक गोऱ्हा गळ्यावर दाव्याचा वळ घेऊन ‘साप चावून’ मेला. एका घरात परजातीची सून आली, ती चौकशीअंती ‘नात्यातलीच’ निघाली. चौकशी भय्याजींनी केली होती आणि सून त्यांच्या पुतण्याची होती.

आळीतल्या ज्योत्सनाला मात्र एवढी अक्कल नव्हती. चैत्रात ती पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेली आणि ऊन चढल्यावर परत आली, तर गोठ्यात कालवड खुंट्याभोवती दावं गुंडाळून मरून पडलेली. शहाण्या बाईनं दावं कापून चुलीत घातलं असतं आणि सापाच्या नावानं बोंब मारली असती. ज्योत्सना ते दावं हातात घेऊन अंगणात बसली आणि ‘माया हातानं मेली व माय’ म्हणून रडत राहिली. तासाभरात सगळ्या आळीला कळलं. नवरा धनराज हैदराबादला कामावर. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “तूच पाय आता, मले सुट्टी नाही.”

पाच शहाणे बसले. भय्याजींनी आधीच बजावलं, “बहिष्कार म्हनाचं नाही, कायदा हाये.” म्हणून कोणी बहिष्कार म्हटलं नाही. नुसतं तिच्या घरी जायचं बंद केलं. ती बोअरिंगवर गेली की बाकीच्या बायांचे हंडे नेमके भरलेले असत. तिनं हळदीकुंकवाला बोलावलं तर सगळ्यांची डोकी दुखत. घास होईपर्यंत असंच चालायचं, आणि घास घेणार कोण, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

या सगळ्यात मरण होतं ते शकुबाईचं. शकुबाई ज्योत्सनाची सासू. पंचाहत्तरीची म्हातारी दिवाळीपासून खाटेवर होती; पाय गेले, पण जीभ शाबूत होती. आधी दिवसाकाठी दहा जण डोकावून जात, आता दारात कुत्रंही येईना. म्हातारी जन्मभर कशाला भ्याली नव्हती, आता एकाच गोष्टीला भीत होती. रोज सुनेला विचारी, “मी मेली तं खांद्याले चार जन येतीन का व?” ज्योत्सना हो म्हणे. म्हातारीला ते खोटं कळे आणि ती उद्या पुन्हा विचारी.

मग एका सकाळी भय्याजी दोन शहाण्यांना घेऊन सुखरामच्या अंगणात आले. सुखराम जाळं दुरुस्त करत होता. भय्याजींना आपल्या बाजेवर बसलेलं तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

“सुखराम, समाजाचं काम हाये,” भय्याजी म्हणाले.

“समाजाले सांगा, मानकरी रिटायर झाला.”

“अरे, एक घासच तं खाचा हाये.”

“मंग तुमी खा. एकच तं हाये.”

भय्याजींनी छातीवर हात ठेवला. “मले शुगर हाये. भात चालत नाही.” दुसऱ्याच्या दाढा पडल्या होत्या. तिसऱ्याचा उपास होता, कोणत्या वारचा ते त्याला नीट सांगता येईना. समाजासाठी जीव द्यायला तिघेही तयार होते, भात खायला एकही नाही.

मग भय्याजींना युक्ती सुचली. घास घराण्यातल्याच माणसानं घ्यायला हवा ना? सुखरामचा मुलगा मोनू नागपूरला एका दुकानात कामाला होता. त्याला व्हिडिओ कॉल लावला. ज्योत्सनानं इथं पत्रावळ वाढायची, मोनूनं तिथं घास घ्यायचा, सगळ्यांनी मोबाईलवर पाहायचं. मोनूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, पार्सल पाठवून द्या. मी इथं रोज मेसचं खाऊन राहिलो, त्यात हे का जड आहे?” भय्याजी खरंच बाजूच्या शहाण्याला विचारू लागले की ट्रॅव्हल्सवाला डबा नेईल का, आणि उन्हाळ्यात वरण टिकेल का.

सुखराम पोट धरून हसला. भय्याजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते ताडकन उठले.

“हास तू. तुया येशूनं सगळ्यायचं खाल्लं म्हनते न? मंग ज्योत्सनाचं बी खाल्लंच असन त्यानं. तं तू काहून जात नाही तिच्या घरी? महिना झाला, तुयी सावली तरी पडली का तिकडं?”

ते निघून गेले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांना फक्त टोमणा मारायचा होता. सुखराम मात्र सुई हातात धरून तसाच बसला. त्याला राग आला, आणि राग भय्याजींचा नव्हता हे कळून तो आणखी चिडला. खरंच गेला नव्हता तो. कालवड मेल्यापासून ज्योत्सनाच्या घरावरून जायचं टाळून तो पाळीवरून लांबचा फेरा घेत होता. का, तर आपल्याला पुन्हा कोणी पत्रावळीवर बसवू नये म्हणून. दोन वर्षं तो भिंतीला टेकून ‘सगळ्यांसाठी, कायमचं’ ऐकत होता, आणि त्याचा अर्थ त्यानं एवढाच घेतला होता की आपलं सुटलं, आता बाकीच्यांचं ते बघतील. भय्याजींच्या आणि त्याच्या शहाणपणात फरक इतकाच की भय्याजींना शुगर होती.

गीताबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. “जन्मात एकदा खरं बोलले भय्याजी,” ती म्हणाली, “थे बी चुकून. मोनूचे बाबा, म्हातारी खांदे मोजून राहिली.”

हे तिनं सांगायला नको होतं. कारण खांदे सुखरामनंही मोजले होते. बाप मेला त्या दिवशी घरात चूल नव्हती, आणि पाप खाणाऱ्याच्या पोराला जेवायला घालायला कोणी पुढं येईना. तेव्हा ही शकुबाई, शेजारची तरणी सून, परळात भात-वरण घेऊन आली, त्याच्यासमोर बसली, आणि पोरगं लाजतंय पाहून त्याच परळातून स्वतःही जेवली. तिच्या सासूनं तिला चार दिवस चुलीला शिवू दिलं नाही. कोणी विचारलं तर शकुबाई म्हणे, “भूक लागली होती मले. त्यात का झालं?”

दुसऱ्या दिवशी सुखराम एसटीनं साकोलीला गेला. अतुल खुर्च्यांवरची धूळ पुसत होता. पुढच्या आठवड्यात रविवारी सुखराम आणि गीताबाईचा बाप्तिस्मा होता, नागपूरहून मंडळीचे वडीलजन येणार होते. सुखरामनं सगळं सांगितलं. अतुलनं फडकं खाली ठेवलं.

“भाऊ, तसल्या जेवणाला बसू नका. लोक म्हणतील, येशूचं पुरलं नाही म्हणून सुखराम परत घास गिळायला गेला. वडीलजनांना काय सांगू मी?”

“तिच्या घरी कोणी जेवत नाही, पास्टर. तुमी येता का?”

“मी... आधी त्यांना विचारावं लागेल.”

“येशूनं कोणाले विचारून घेतलं होतं?”

अतुलनं उत्तरासाठी जाडजूड बायबल उघडलं. पानं मागे उलटली, पुढे उलटली. सुखराम तोवर परतीच्या गाडीला निघाला. गावात पाच शहाणे होते, साकोलीत सहावा सापडला, एवढंच. एकोडीला उतरताच त्यानं ज्योत्सनाला निरोप धाडला, मंगळवारी जेवण ठेव.

मंगळवारी दुपारी ज्योत्सनाच्या मांडवात चाळीस माणसं जमली. “आला न ठिकानावर?” भय्याजी सगळ्यांना सांगत होते. ओसरीवर शकुबाईची खाट आणून ठेवली होती. भोवती पत्रावळी मांडल्या होत्या, मधोमध एक. सुखराम बसला. ज्योत्सनानं भात वाढला, वरण वाढलं, भाजी वाढली, आणि पदर तोंडाला लावून मागे सरली.

सुखरामनं घास उचलला. बापाचं फुगलेलं पोट त्याला लख्ख दिसलं. दोन वर्षं तारणाची गाणी म्हटलेला माणूस वांग्याच्या फोडीला घाबरत होता. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. त्यानं घास तोंडात घातला आणि चावला. सावकाश, बैल रवंथ करतो तसा. लोकांत कुजबुज झाली. चावतोय! अकरा घास गिळले होते त्यानं, कशाचीही चव त्याला ठाऊक नव्हती. ही पहिलीच.

“मीठ कमी हाये व, सूनबाई,” तो म्हणाला, आणि दुसरा घास कालवला.

“झालं तुयं,” भय्याजी म्हणाले. “ऊठ, गोठ्याकडे बस. लोक उपाशी हायेत.”

“मी घास घ्याले नाही आलो, भय्याजी. मी जेवाले आलो.”

“अन् पाप?”

“थे त्यानं कवाच खाल्लं. हे वांगं होय.”

“मंग ज्योत्सना सुटली कशी?” भय्याजींचा आवाज चढला.

“तुमी सुटले तशीच. तुमच्या वासराचं बी मी नव्हतं खाल्लं. थे बी त्यानंच खाल्लं. मी फुकटच तुमचं डागाचं धोतर नेलं.”

चाळीस माणसं उभीच. मधला उठल्याशिवाय बसायचं नाही हा नियम, आणि मधला वरण मागत होता. भात निवत चालला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, “सुख्या, इकडं आन थे पत्रावळ.”

घास घेणाऱ्याच्या पत्रावळीला कुत्र्यालाही तोंड लावू देत नसत. सुखराम ती उचलून खाटेपाशी गेला. शकुबाईनं त्याच्या पत्रावळीतला भात घेतला, बोळक्या तोंडात घोळवला, गिळला.

“कमीच हाये,” ती म्हणाली. “ज्योत्सना, मीठ आन.”

सुखराम तिथेच ओसरीवर टेकला आणि जेवू लागला. म्हातारी त्याच्याकडे बघून पुटपुटली, “एक.”

कुंपणापाशी मोटारसायकल थांबली. अतुल पास्टर आला होता, बहुतेक सुखरामला अडवायला. हेल्मेट हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. उभी चाळीस माणसं, बसलेला एक, आणि उष्टं खाणारी म्हातारी पाहिली. मग त्यानं बूट काढले आणि सुखरामच्या शेजारी येऊन बसला.

“नागपूरवाले?” सुखरामनं विचारलं.

“सांगतो त्यांना नंतर,” अतुल म्हणाला. “मला थोडंच वाढा.”

“दोन,” शकुबाई म्हणाली.

तिसरा घनश्याम. तो ठार बहिरा, त्यानं यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. तीन माणसं जेवताना दिसली, आणि तो सकाळपासून उपाशी होता. तो सरळ जाऊन एका पत्रावळीवर बसला. “तीन.”

आता सगळे भय्याजींकडे बघू लागले. भय्याजी आभाळाकडे बघत होते. अडतीस पोटं त्यांच्या एका पोटासाठी खोळंबली होती.

“भय्या,” खाटेवरून म्हातारी म्हणाली, “तुले शुगर हाये म्हनतेत. भात नोको खाऊ. वरण पे.”

कोणीतरी फिसकन हसलं. भय्याजी तणतणत पुढं आले, इस्त्रीची घडी सांभाळत पत्रावळीच्या कडेला अर्धे वळून बसले, जणू कोणत्याही क्षणी उठणार आहेत. पण बसले. मागोमाग सगळा मांडव धडाधडा खाली बसला आणि जो तो भातासाठी ओरडू लागला.

शकुबाईनं बाकीचे मोजलेच नाहीत. तिनं उशीवर डोकं टेकलं.

“चार,” ती सुनेला म्हणाली. “एक सुख्या, एक पास्टर, एक बहिरा, अन् एक शहाना. आता मले केवाबी न्या.”

ज्योत्सना मिठाचा डबा घेऊन तिच्यापाशी उभी होती. मग ती वळली आणि भय्याजींपासून वाढायला सुरुवात केली.